चिमट्याची घडी

मिस्त्रींनी हँडल फिरवलं आणि पंख पुन्हा तिथंच अडकला.

कवच वर उचललं गेलं, पंख मिटायला लागला, टोकाकडचा भाग आत वळला आणि लाकडावर लाकूड आपटून सगळं थांबलं. वीतभर कापड कवचाच्या बाहेर लोंबत राहिलं. दाराच्या उंचीचा तो लाकडी भुंगेरा कपडे कोंबून न लागणाऱ्या कपाटासारखा दिसत होता.

"पाचवी वेळ," मिस्त्री म्हणाले. "डॉक्टर, आता काय तासू ते सांगा."

"टोक अजून दोन बोटं कमी करून बघू या."

"दोन बोटं काल केलं. परवा एक केलं. असंच चाललं तर उद्घाटनाला पंख नसेल, नुसता खांदा उरेल."

तिनं टेबलावरचा कागद पुन्हा ओढून घेतला. चित्र तिचं स्वतःचं होतं. सात वर्षांपूर्वी तिच्या शोधनिबंधात चौथं चित्र म्हणून ते छापून आलं, मग दोन पाठ्यपुस्तकांनी ते उचललं. भुंगेऱ्याचा उडण्याचा पंख त्याच्या पाठीवरच्या कवचाच्या दुप्पट लांब असतो, तरी तो त्याखाली पूर्ण मावतो. कसा, ते या चित्रात होतं. पंखाच्या मधोमध एक आडवी, सरळ रेघ. तिथं तो दुमडतो. मिस्त्रींनी त्या रेघेवर अगदी मोजून बिजागरी बसवली होती.

मिस्त्री तिला डॉक्टर म्हणत ते निम्मं आदरानं, निम्मं चेष्टेनं. विज्ञान केंद्रात ती रुजू झाली त्या दिवशी त्यांनी बाकावर पाय ठेवून तिला आपला दुखरा गुडघा दाखवला होता. ती गुडघ्यांची नव्हे, भुंगेऱ्यांच्या पंखांची डॉक्टर आहे हे कळल्यावर ते म्हणाले होते, "मग राहू द्या. पंख दुखायला लागले की येतो."

त्याला आता पाच महिने झाले होते. त्याआधीची बारा वर्षं तिनं संशोधन संस्थेत काढली, एकाच खोलीत, एकाच सूक्ष्मदर्शकापाशी. ती सोडायचं कारण कुणी विचारलं तर ती काहीतरी गुळमुळीत उत्तर द्यायची, कारण खरं सांगायची लाज वाटायची. एकदा बसमध्ये शेजारच्या बाईंनी तिच्या हातातला फोटो बघून विचारलं होतं, एवढ्याशा किड्याच्या पाठीत एवढा पंख मावतो कसा हो? ती सांगत गेली, रुमालाची घडी करून दाखवत गेली, आणि त्या बाईंचा थांबा मागे पडला तरी त्या उतरल्या नाहीत. त्या दिवशी तिला जो आनंद झाला तो चौथं चित्र छापून आलं तेव्हाही झाला नव्हता. एवढ्यावर कुणी नोकरी सोडतं का? तिनं सोडली.

संस्थेत मात्र एकच वाक्य फिरत होतं, आणि ते फिरत फिरत तिच्या कानापर्यंत आलं होतं. जमलं नाही म्हणून सोडलं. ते तिला फार लागलं होतं. तिचे सर तसं कधी म्हणाले नाहीत, पण निरोप देताना खांद्यावर थोपटून म्हणाले होते, "तुझी जागा मी सहा महिने कुणाला देत नाही. खेळून झालं की ये."

उद्घाटन आता नऊ दिवसांवर आलं होतं आणि भुंगेरा हे तिचं पहिलंच स्वतंत्र काम होतं.

मिस्त्रींनी हात पुसले आणि आवाज जरा खाली आणला.

"हे बघा. आतून एक स्प्रिंग लावतो. पंख इथपर्यंत आला की ती त्याला खालच्या पोकळीत ओढून घेईल. बाहेरून तुमच्या चित्राबरहुकूम दिसेल. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"आणि आत?"

"आत काय, आत मी आणि स्प्रिंग."

तिनं भुंगेऱ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"लावा," ती म्हणाली.

मिस्त्री स्प्रिंग आणायला बाजारात गेले. ती पाटीचा मजकूर लिहायला बसली. केंद्राच्या संचालकबाईंचा नियम कडक होता: प्रत्येक प्रतिकृतीला लोकांना फिरवता येईल असं काहीतरी हवं, आणि शेजारच्या पाटीवर साठच शब्द. एकसष्टावा शब्द त्या स्वतः खोडत.

'भुंगेऱ्याचा पंख असा दुमडतो,' तिनं लिहिलं आणि पेन तिथंच थबकलं.

निबंधात तिनं असं कधीच लिहिलं नसतं. तिथं 'तपासलेल्या नमुन्यांमध्ये असं आढळलं' असं लिहायची सोय होती. 'पुढील अभ्यासाची गरज आहे' असं म्हणून अंग काढून घेता येत होतं. साठ शब्दांत त्या सगळ्याला जागा नव्हती. दुमडतो म्हटलं की दुमडायला हवा. आणि मागच्या खोलीत तो पाच वेळा दुमडला नव्हता.

तपासलेले नमुने. ती त्या दोन शब्दांवर बराच वेळ बसून राहिली. अठ्ठेचाळीस भुंगेरे, सगळे बाटल्यांमध्ये, सगळे मद्यार्कात बुडवलेले. सगळे तिच्या आधीच्या कुणीतरी गोळा केलेले. पंख कडक व्हायचे, उघडता उघडत नसत. ती चिमट्याच्या दोन टोकांत मधोमध धरायची आणि हलकेच ओढायची. प्रत्येक वेळी, अठ्ठेचाळीस वेळा, मधोमध.

तिनं पेन टाकलं आणि ती बाहेर निघाली.

मिस्त्री परत आले तेव्हा ती केंद्राच्या पायऱ्यांवर ओणवी होऊन काहीतरी शोधत होती. फाटकावरच्या दिव्याखाली रोज सकाळी भुंगेरे पडलेले असत. काही मेलेले, काही पाय झाडत असलेले.

"काय हरवलं?"

"एक जिवंत हवाय. धडधाकट."

मिस्त्रींनी स्प्रिंगची पुडी खिशात टाकली, कुंड्यांमागे हात घातला आणि दोन मिनिटांत मुठीत एक भुंगेरा घेऊन आले. कार्यशाळेची खिडकी लावून घेतली. भुंगेरा मिस्त्रींच्या पेन्सिलीवरून चढत टोकाला गेला, जरा डुलला आणि उडाला. काचेवर आपटला, काचेवरच बसला आणि पंख मिटू लागला. ती मोबाइलवर त्याचं चित्रण करत उभी होती.

चित्रण संथ गतीनं लावून दोघांनी ते अकरा वेळा पाहिलं. पंख मधोमध दुमडतच नव्हता. घडी तिरकी पडत होती, खांद्याकडून टोकाकडे, आणि टोक आडवं आत घुसण्याऐवजी कडेनं सरकत कवचाखाली जात होतं.

मिस्त्रींनी रद्दीतलं वर्तमानपत्र ओढलं, पंखाच्या आकाराचा तुकडा फाडला, सरळ दुमडला, उघडला, मग तिरका दुमडला. तिरका तुकडा त्यांच्या तळहाताखाली पूर्ण झाकला गेला.

"सरळ बिजागरीनं दार होतं," ते म्हणाले. "पंख होत नाही. मी तिसऱ्या दिवशीच म्हणणार होतो. पण म्हटलं, छापील आहे."

"चित्रात घडी होती," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला कोरडा वाटला. "मी ती डोळ्यांनी पाहिली होती. पण ती भुंगेऱ्याची घडी नव्हती. माझ्या चिमट्याची होती."

मिस्त्रींनी खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली आणि बिजागरीचे स्क्रू सोडवायला घेतले.

घरी आली तेव्हा आई फोनवर मावशीशी बोलत होती. "हो गं, आहे की संस्थेतच. काम फार असतं तिला." लेकीला दारात पाहून आईनं नजर चुकवली आणि फोन आवरता घेतला.

"आई, पाच महिने झाले. मावशीला अजून सांगितलं नाहीस?"

"सांगणार आहे. तुझा भुंगा एकदा उभा राहू दे, मग सांगते. आधी सांगून काय सांगू? पाट्या लिहिते म्हणून?"

"भुंगेरा. आणि हो, पाट्याच लिहिते. ही ऐक."

तिनं उभ्या उभ्या वाचून दाखवलं. पंख कवचाच्या दुप्पट लांब असतो. तो तिरका दुमडतो, म्हणून मावतो. हँडल फिरवून पाहा. शेजारचं जुनं चित्र चुकीचं आहे: त्यात घडी सरळ दाखवली आहे. मेलेला, कडक झालेला पंख चिमट्यानं उघडताना ती पडली होती. हे चित्र मीच काढलं होतं. चूक प्रतिकृती बनवणाऱ्या सुतारांच्या लक्षात आली.

आईनं शेवटपर्यंत ऐकलं. तिला सगळं कळलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं.

"म्हणजे तुझंच चुकलं?"

"हो."

"आणि ते तू भिंतीवर लावणार? येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं म्हणून?"

"हो."

"अगं, आधीच लोक काय काय बोलतात. आता तर त्यांच्या हातात कोलीतच दिलंस. म्हणतील, बघा, म्हणूनच पळाली."

"म्हणतील," ती म्हणाली. ती पाणी प्यायला आत गेली. पेला घेऊनच परत आली. "आई, पण तुला कळलं ना? एकदा ऐकून?"

"न कळायला काय झालं? मी काय ठोंब आहे का?"

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोन पत्रं पाठवली. एक निबंध छापणाऱ्या मासिकाला, चूक कळवणारं, दहा ओळींचं. दुसरं सरांना, सोबत चित्रण. निबंधावर तिच्या नावामागे सरांचंही नाव होतं. त्यांना आधी कळवायला हवं होतं, पण ते तिनं केलं नाही, दोन्ही एकदमच धाडली. आधी त्यांना विचारलं तर आपण थांबू, हे तिला ठाऊक होतं.

तासाभरात सरांचा फोन आला. ती कार्यशाळेत होती. मिस्त्री रंधा मारायचे थांबले आणि न सांगता बाहेर गेले.

सर रागावतील अशी तयारी करून तिनं फोन उचलला होता. सर रागावलेले नव्हतेच. इतके खुशीत तिनं त्यांना क्वचितच ऐकलं होतं.

"अगं, काय सापडलंय तुला कळतंय का? तिरकी घडी! सगळा हिशेब बदलतो. हे नवं आहे, आणि चौथ्या चित्राच्या दसपट मोठं आहे. मासिकाला पत्र कशाला धाडलंस? मी त्यांच्याशी बोलतो, ते परत घेऊ. तू सोमवारी इकडे ये. जागा तुझीच आहे. वर्षभरात निबंध होईल."

"आणि भुंगेरा?"

"कोण भुंगेरा?"

"इथला. लाकडाचा. नऊ दिवसांनी, म्हणजे आता आठ, लोकांसाठी उघडायचा आहे."

"त्यावर कापड टाक. निबंध छापून येईपर्यंत ते कुणाला दाखवायचं नाही, हे मी तुला सांगायला हवं का? कुणीही फोटो काढेल आणि आपल्याआधी छापेल." मग सर मऊ आवाजात म्हणाले, "तुझ्याबद्दल लोक काय म्हणतात ते माझ्याही कानावर आहे. हा निबंध आला की सगळ्यांची तोंडं बंद होतील. यापेक्षा चांगली संधी मिळायची नाही."

ते खरं होतं, हेच तर अवघड होतं. तिनं समोर पाहिलं. नव्या बिजागरीचा पंख उघडा होता. तिनं एका हातानं हँडल फिरवलं. कवच उचललं गेलं, टोक तिरकं सरकलं, आणि शेवटचं बोटभर कापड आवाजही न करता आत गेलं. वर्षभर यावर कापड टाकायचं. पाठ्यपुस्तकात वर्षभर तीच सरळ रेघ राहायची. आणि मग ती पुन्हा त्या खोलीत बसायची, ज्या खोलीत बारा वर्षांत एकानंही आपला थांबा चुकवला नव्हता.

"सर, निबंध व्हायलाच हवा. तुम्ही लिहा, किंवा माझ्या जागी जो येईल त्याला लिहू द्या. चित्रण तुमच्याकडे आहे, मोजमापंही पाठवते. फक्त मिस्त्रींचं नाव त्यात घाला."

"कुणाचं?"

"आमच्या सुतारांचं. घडी त्यांना सापडली. मी तर टोक तासायला सांगत होते."

"आणि तू?"

"मी इथं आहे. कापड टाकणार नाही, सर."

"सोमवारी मी जागा दुसऱ्याला देईन. नंतर रडत आलीस तर माझा इलाज नाही."

"द्या," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती बाकावर बसली. मिस्त्री आत आले, त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि चहाचा पेला तिच्या हाताशी ठेवला.

"गेली का नोकरी?"

"जुनी गेली. नवी आहे अजून."

"मग उठा. रंग कुठला लावायचा ते कोण सांगणार?"

पाटीवर संचालकबाईंनी एकच आक्षेप घेतला. चूक कबूल करायला त्यांची ना नव्हती. 'मीच' कोण ते लोकांना कळणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मग जुन्या चित्राखाली तिचा फोटो लागला, सूक्ष्मदर्शकाशेजारी बसलेला, बारा वर्षांपूर्वीचा, जरा बावळटच. तिनं हरकत घेतली नाही.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारपर्यंत भुंगेऱ्यासमोरची रांग दारापर्यंत गेली. आई मावशीला घेऊन आली होती. मावशीला तिनं काय सांगितलं होतं देव जाणे, पण पाटीपाशी आल्यावर ती मावशीला मोठ्यानं वाचून दाखवत होती आणि 'हे चित्र मीच काढलं होतं' या वाक्यावर थांबून मागे वळून लेकीकडे बोट दाखवत होती. संस्थेतले दोघे तरुण संशोधकही आले. त्यांनी पाटी वाचली, एकमेकांकडे पाहिलं, एकजण हलक्या आवाजात काहीतरी बोलला आणि दुसरा हसला. तिला ते दिसलं, लागलंही. पण तेवढ्यात रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं की मग चिमट्याशिवाय पंख उघडायचा तरी कसा, आणि ती त्यांना सांगायला वळली.

सांगून झालं तेव्हा हँडलपाशी सर उभे होते.

ते कधी आले तिला कळलं नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून ते पंखाच्या अगदी जवळ झुकले होते. पाटीकडे त्यांनी पाहिलं होतं की नाही, सांगता येत नव्हतं. त्यांनी हँडल फिरवलं. पंख मिटला. त्यांनी ते उलटं फिरवलं, पंख उघडला. मग पुन्हा, फार हळू, घडी नेमकी कुठं सुरू होते ते बघत. डाव्या हाताचं बोट हवेतच त्या तिरक्या रेघेवरून फिरत होतं. तिसऱ्यांदा फिरवायला त्यांनी हात घातला तेव्हा मागच्या बाईंनी हातातली भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"काका, एकेकानं एकदाच फिरवायचंय. मागे केवढे लोक आहेत बघा."

"हो का?" सर दचकून म्हणाले. "माफ करा. आणि पुन्हा बघायचं असलं तर?"

"तर मागे जायचं. मी दुसऱ्यांदा आलेय."

सरांनी रांगेकडे पाहिलं. मग चष्मा नाकावर घेतला, बाईंना वाट दिली आणि भिंतीच्या कडेकडेनं चालत दारापर्यंत गेले. तिथं शेवटच्या माणसाच्या मागे जाऊन उभे राहिले.

मिस्त्री तिच्या शेजारी येऊन थांबले होते.

"कोण ते?"

"माझे सर."

"अरे बाप रे. मग त्यांना पुढं घेऊन येतो की. रांगेत कशाला ताटकळायचं त्यांनी?"

"नको," ती म्हणाली. "थांबू देत."